घड्याळ : दाम किती, मोल किती?



बाजारात आपल्याला कोणी सहजासहजी फसवू शकत नाही. नारळ आपण कानाशी हलवून घेतो, भेंडीचं टोक मोडून बघतो, तांदूळ तळहातावर पसरून त्यात कणी किती ते पाहतो. पण त्याच आपण घड्याळाच्या दुकानात शिरलो, की काचेच्या कपाटासमोर गप्प उभ्या राहतो. दुकानदार म्हणेल ते खरं! तबकडी चकचकीत दिसली, किंमत जराशी खाली आली, वर मखमलीची डबी मिळाली, की झाली खरेदी.

हा विषय आज निघाला तो एका भगिनीच्या पत्रावरून. त्या तालुक्याच्या गावी राहतात. त्यांचे यजमान येत्या मार्चअखेर नोकरीतून निवृत्त होताहेत. भिशीतून आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींतून बाईंनी चार वर्षांत पंधरा हजार रुपये साठवलेत. त्यातून यजमानांना एक ऑटोमॅटिक घड्याळ द्यायचं त्यांच्या मनात आहे. दुकानदाराने तीन घड्याळं दाखवली, तिन्हींची स्तुती केली. दीर म्हणाले, "वहिनी, हल्ली वेळ मोबाइलवर दिसते, कशाला पैसे घालवता?" आणि ट्रंकेत सासरेबुवांचं जुनं एच.एम.टी. घड्याळ बंद पडून आहे, ते वेगळंच. बाई लिहितात, एवढे पैसे पुन्हा जमायला आणखी चार वर्षं लागतील. घड्याळ महिन्याभरात कपाटात जाऊन पडलं तर माझ्या जिवाला लागेल.

हा प्रश्न एकीचा नाही. निवृत्तीला, मुलाच्या पहिल्या नोकरीला, जावयाच्या मानासाठी आपण घड्याळ घेतोच. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

ऑटोमॅटिक म्हणजे काय?

मनगटी घड्याळं मुख्यतः तीन तऱ्हेची. पहिलं किल्लीचं. रोज सकाळी किल्ली द्यायची, आतली स्प्रिंग आवळते आणि सुटता सुटता काटे चालवते. दुसरं सेलवरचं, म्हणजे क्वार्ट्झ. तिसरं ऑटोमॅटिक. हे मुळात किल्लीचंच घड्याळ, फक्त त्याला किल्ली देण्याचं काम आपला हात करतो. आत अर्धचंद्राच्या आकाराचं एक वजन असतं, त्याला रोटर म्हणतात. हात हलला की ते गरगर फिरतं आणि स्प्रिंग आवळत राहतं. पाठीमागे काच असलेल्या घड्याळात हे वजन फिरताना दिसतं. मुलांना जरूर दाखवा, त्यांना मोठी गंमत वाटते.

ही युक्ती जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या पेरले नावाच्या कारागिराने १७७० नंतरच्या दशकात खिशातल्या घड्याळासाठी ती वापरली. मनगटी घड्याळात ती आणली जॉन हारवूड या इंग्रज घड्याळजीने, १९२०च्या दशकात. आपल्याकडे घड्याळ घरोघरी पोचवलं ते एच.एम.टी.ने. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगलोरला १९६१ साली त्यांची घड्याळं तयार होऊ लागली. त्यांचं 'जनता' किल्लीचं, तर 'कांचन' ऑटोमॅटिक. लग्नात जावयाला 'कांचन' दिलं की केवढं कौतुक व्हायचं, हे तुमच्या आईला किंवा सासूबाईंना विचारून बघा!

मग दिवस पालटले. सीको कंपनीने १९६९च्या डिसेंबरात जपानमध्ये क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. आपल्याकडे १९८४ साली टायटन कंपनी स्थापन झाली आणि सेलची देखणी घड्याळं घराघरांत आली. एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६च्या जानेवारीत घेतला. असं असूनही ऑटोमॅटिक घड्याळं संपली नाहीत. उलट अलीकडे त्यांची हौस पुन्हा वाढली आहे. टायटनसुद्धा ती करते.

आधी खरं ते सांगते

ऑटोमॅटिक महाग, म्हणून वेळ अधिक अचूक, असं तुम्ही समजत असाल तर तो समज आधी काढून टाका. दोन हजारांचं सेलचं घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडे-तिकडे होतं. परवडणाऱ्या किमतीचं ऑटोमॅटिक तेवढं एका दिवसात होऊ शकतं. सीकोचं एन.एच. ३५ किंवा सिटिझनच्या घरचं मियोटा ८२१५ ही यंत्रं स्वस्त-मध्यम घड्याळांत पुष्कळ वापरतात. दिवसाला वीस सेकंद मागे किंवा चाळीस सेकंद पुढे इथपर्यंत त्यांना कंपनीच मुभा देते.

याला दोष म्हणू नका. या यंत्रातलं बॅलन्सचं चाक तासाला २१,६०० ठोके देतं. म्हणजे सेकंदाला सहा, दिवसाला पाच लाख अठरा हजारांवर. सेलच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्याच्याशी बरोबरी व्हायची कशी? दिवसात सेकंद असतात ८६,४००. त्यांत वीसाची चूक म्हणजे निव्वळ चाकं आणि स्प्रिंग यांच्या जोरावर चालणाऱ्या वस्तूने मोठीच कमाल केली म्हणायची. पण ज्याला सेकंदाबरहुकूम वेळ हवी, त्याने सरळ सेलचं घड्याळ घ्यावं आणि उरलेले पैसे बँकेत टाकावेत.

आता पैशांचा हिशेब

दुकानदार म्हणतो, "ताई, याला सेल लागत नाही, आयुष्यभर खर्च नाही." हे अर्धंच खरं. सेल लागत नाही, पण आतलं तेल सुकतं. दर चार-पाच वर्षांनी घड्याळ उघडून साफ करून तेल द्यावं लागतं. नमुन्यादाखल आकडे धरून हिशेब मांडू. तुमच्या गावचे दर विचारून त्यात बदल करा.

ऑटोमॅटिक बारा हजारांचं. पंधरा वर्षांत तीन सर्व्हिसिंग, दीड-दीड हजारांची, म्हणजे साडेचार हजार. एकूण साडेसोळा हजार. वर्षाला अकराशे रुपये पडले. सेलचं घड्याळ दोन हजारांचं. दर दोन वर्षांनी दोनशेचा सेल, म्हणजे सात वेळा चौदाशे. एकूण तीन हजार चारशे. वर्षाला सव्वादोनशेच्या आसपास.

तेव्हा काटकसर म्हणून ऑटोमॅटिक घेऊ नका. 'गुंतवणूक' म्हणून तर मुळीच नको. या किमतीतलं घड्याळ वापरून विकायला गेलात, तर दिलेले पैसे परत येत नाहीत. सोन्याची गोष्ट निराळी. मग घ्यायचं कशासाठी? ते उघडता येतं, दुरुस्त करता येतं, आणि नीट ठेवलं तर मुलाच्या मनगटावरही चालू शकतं म्हणून. घालणाऱ्याला त्याची हौस आहे म्हणून. म्हणजे वर्षाला अकराशे द्यायचे ते या हौसेचे. ते जास्त की कमी, हे ज्याच्या त्याच्या घरचं. माझ्या मते घड्याळाचं मोल एकाच गोष्टीवर ठरतं: ते मनगटावर किती दिवस राहणार? रोज घातलेलं बारा हजारांचं घड्याळ स्वस्त, आणि कपाटात पडलेलं चार हजारांचं महाग.

दुकानात काय पाहाल?

पहिलं म्हणजे यंत्र कोणतं, ते विचारा. तबकडीवरचं नाव एकाचं आणि आतलं यंत्र दुसऱ्याचं, हे सर्रास असतं आणि त्यात काही गैर नाही. पण नाव-नंबर सांगता आला पाहिजे. 'इम्पोर्टेड मशीन आहे' एवढंच उत्तर मिळालं, तर पुढे सरका. सर्वत्र वापरात असलेल्या यंत्राचे सुटे भाग मिळतात, त्यामुळे गावातला घड्याळजीही ते हाताळू शकतो.

दुसरं, बाजूचं किल्लीचं बटण फिरवून पाहा. काही यंत्रांना हातानेही किल्ली देता येते, काहींना येत नाही. एन.एच. ३५ला देता येते. सीकोच्या '५' या मालिकेतल्या जुन्या ७एस२६ यंत्राला येत नाही, ते हात हलवूनच चालू करावं लागतं. बटण पूर्ण बाहेर ओढल्यावर सेकंदकाटा थांबत असेल तर वेळ अचूक लावता येते. थांबला नाही तर घड्याळ वाईट असं नव्हे, त्या यंत्राची रीतच तशी असेल.

तिसरी काच. प्लॅस्टिकच्या काचेवर चरे लवकर पडतात, पण बारीक चरे पॉलिशने निघतात. साधी मिनरल काच त्याहून कठीण, मात्र तिच्यावर पडलेला चरा सहसा जात नाही. सफायर सगळ्यात कठीण, तिच्यावर सहसा चरा पडत नाही, पण जोरात आपटली तर तीही फुटते. रोज वापरायचं असेल आणि बजेटात बसत असेल तर सफायर घ्या.

चौथं पाणी. मागे '३० मीटर' लिहिलेलं असलं म्हणून कोणी ते घालून विहिरीत उतरू नये! हा आकडा स्थिर पाण्यातल्या दाबाच्या चाचणीचा असतो. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे आणि पावसाची सर. पोहायचं असेल तर १०० मीटरचं पाहा. गरम पाण्याच्या आंघोळीला मात्र कुठलंच घालू नका. वाफेने आणि साबणाने आतली रबरी रिंग लवकर खराब होते.

पाचवं माप. हल्ली पुरुषी घड्याळं थाळीएवढी झाली आहेत. पट्टा जोडायची दोन्ही टोकं मनगटाच्या बाहेर डोकावता कामा नयेत. ज्यांना द्यायचं त्यांचं सध्याचं घड्याळ गुपचूप मोजून न्या. पट्ट्याची रुंदी १८, २० किंवा २२ मिलिमीटर असली, तर पुढे कुठल्याही दुकानात पट्टा मिळतो. कंपनीचाच खास आकार असला, तर दर वेळी तिच्याच दारी जावं लागतं.

सहावी आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे कागद. बिलावर घड्याळाचा नंबर, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख. घड्याळ परदेशी असेल तर खोक्यावर इथल्या आयातदाराचं नाव आणि एम.आर.पी. छापलेली हवी. एम.आर.पी.त कर धरलेले असतात, त्यावर वेगळा कर देऊ नका. 'बिलाशिवाय दीड हजार कमी' असं कोणी म्हणालं, तर ते दीड हजार आपल्या वॉरंटीचे आहेत हे ध्यानात ठेवा.

जुन्याच्या मोहात पडताना

इंटरनेटवर जुनी एच.एम.टी. आणि सीको घड्याळं 'नव्यासारखी' म्हणून हजार-दोन हजारांत दिसतात. तबकडी भडक निळी, लाल, पिवळी. अशा घड्याळांना परदेशातल्या शौकिनांनी 'मुंबई स्पेशल' असं नाव ठेवलं आहे. आपल्या मुंबईचं हे कौतुक नव्हे! एकाचं यंत्र, दुसऱ्याची डबी, तिसऱ्याचे काटे आणि वर नव्याने रंगवलेली तबकडी, असा तो काला असतो. अक्षरं जाड-पुसट असली, रंग फारच ताजा असला, की समजावं. गंमत म्हणून घ्यायचं तर घ्या, पण पुरातन वस्तू म्हणून पैसे मोजू नका.

आपल्या घरातल्या ट्रंकेतलं घड्याळ मात्र वेगळं. त्याचा मालक आपल्याला ठाऊक असतो. ते बंद पडलंय म्हणजे मेलं असं नाही. बहुतेक वेळा तेल सुकून चिकट झालेलं असतं. ते जोराने हलवून किंवा किल्ली पिळून चालू करायला जाऊ नका, कोरडी चाकं झिजतात. वयस्क, अनुभवी घड्याळजी शोधा. खर्च आधी विचारा. तबकडी रंगवू नका आणि बदललेले भाग परत द्या, असं स्पष्ट सांगा. चांगला कारागीर या बोलण्याने रागावत नाही, उलट गिऱ्हाइकाला कळतं हे पाहून नीट काम करतो.

घरी आणल्यावर

पहिला आठवडा घड्याळाची परीक्षा घ्या. रात्री मोबाइलवरची वेळ लावा आणि रोज त्याच वेळी फरक वहीत टिपा. रोज दहा सेकंद पुढे जात असेल तर काळजी नाही, आठवड्याला मिनिटभर मागे घ्यायचं. पण आज पाच पुढे, उद्या तीस मागे, असा लहरीपणा असेल तर वॉरंटीत दाखवा.

तारीख बदलायची ती रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात नको. त्या वेळी तारखेची चाकं आपणहून गुंतलेली असतात, जबरदस्ती केली तर दाते तुटतात.

घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळू लागलं, तर लोहचुंबकाचा संशय घ्या. पर्सचं चुंबकी बटण, मोबाइलचं कव्हर, स्पीकर, फ्रिजवर चिकटवायची खेळणी यांच्याजवळ ते ठेवू नये. घड्याळजी लहानशा यंत्रावर हे चुंबकत्व मिनिटभरात काढून देतो. त्यासाठी घड्याळ उघडायची गरज नसते, त्यामुळे सर्व्हिसिंगचे पैसे मागितले तर विचारा.

पत्र पाठवणाऱ्या ताईंना

ताई, आता तुमच्याकडे वळते. तुम्ही लिहिलेल्या एका गोष्टीकडे दुकानदाराने लक्ष दिलेलं नाही. तुमचे यजमान निवृत्त होताहेत. ऑटोमॅटिक घड्याळ चालतं ते हात हलण्यावर. दिवसाला आठ-दहा तास ते हलत्या हातावर हवं. पूर्ण भरलेलं घड्याळ काढून ठेवलं तर साधारण चाळीस तासांनी थांबतं. नोकरीत बस, जिना, फायली यांत हात आपोआप हलतो. घरी आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचताना तो हलत नाही. मग घड्याळ रोज मागे पडतं, माणूस कंटाळतो, आणि तुम्हाला जी भीती वाटते ना, तेच होतं. ते कपाटात जातं.

म्हणून तुमच्यासाठी पहिली अट ही, की हातानेही किल्ली देता येईल असंच यंत्र घ्या. सकाळी चहाबरोबर वीस-तीस हलके पीळ, की दिवसाची ददात नाही. निवृत्त माणसाला सकाळी एखादं ठरलेलं काम असलं तर ते बरंच असतं.

पण त्याही आधी एक करा. सासरेबुवांचं घड्याळ घड्याळजीकडे न्या. तबकडीवर 'कांचन' आहे असं तुम्ही लिहिता, म्हणजे तुमच्या घरात ऑटोमॅटिक घड्याळ आधीपासूनच आहे! ते दुरुस्त होतं का, खर्च किती, त्याला किल्लीही देता येते का, हे विचारा. झालं तर नवा चामडी पट्टा लावा आणि निवृत्तीच्या दिवशी ते यजमानांच्या हातावर बांधा. वडिलांचं घड्याळ चालू होऊन हातात येणं, याची सर दुकानातल्या तिन्ही घड्याळांना येणार नाही. नाहीच झालं, तर वरच्या सहा गोष्टी पाहून दहा-बारा हजारांपर्यंतचं नवं घ्या आणि उरलेले पुढच्या सर्व्हिसिंगसाठी बाजूला ठेवा. पंधराच्या पंधरा हजार संपवायचं कारण नाही.

आणि दिरांना सांगा, मोबाइल वेळ दाखवतो हे खरं. पण तो खिशातून काढला की वेळ राहते बाजूला आणि निरोप वाचणंच सुरू होतं.

आणि आपल्या मनगटाचं काय?

जाता जाता एक. जुनं घड्याळ दुरुस्त झालं आणि पैसे वाचले, तर ताई, त्यातून स्वतःसाठी एक घड्याळ घ्या. मी अर्धवेळ शाळेत शिकवते. परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाइल नेता येत नाही, तिथे मनगटावरचं घड्याळच कामाला येतं. आपल्याला मात्र मी ऑटोमॅटिकचा आग्रह करणार नाही. फिरणाऱ्या वजनामुळे ते जाड होतं आणि बारीक मनगटावर बोजड दिसतं. बायकांच्या मापाची निघतात, पण त्यांत निवड कमी. शिवाय कणीक मळताना, भांडी घासताना आपण घड्याळ दहादा काढून ठेवतो. ज्यांचा दिवस बराचसा स्वयंपाकघरात जातो, त्यांना सेलचं, ठळक आकड्यांचं, सुटसुटीत घड्याळच सोयीचं. ज्या नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असतात आणि ज्यांना हौस आहे, त्यांनी खुशाल ऑटोमॅटिक घ्यावं. कोणी विचारलं, "तुला कशाला?" तर सांगावं, घरातल्या सगळ्यांच्या वेळा मीच तर सांभाळते!

दुकानात शिरलात की नारळ घेताना जशा उभ्या राहता, तशाच उभ्या राहा. हातात घ्या, कानाला लावा, बटण फिरवा, विचारा. पटलं नाही तर 'बघून सांगते' म्हणून खुशाल बाहेर पडा.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्याआधी डाळी-कडधान्यं कशी भरून ठेवायची, ते पाहू. तुमचे अनुभव जरूर कळवा.